पाटे दादाचे, ब्रेक आत्याचे

आत्या रिकाम्या गाडीचा ब्रेक तपासत नसे. "रिकामी गाडी काय, कुणीही थांबवतं," असं म्हणून ती ड्रायव्हरला माल भरून परत यायला सांगायची. एखादा घाईतला कुरकुरायचा, बाकीचे गॅरेजवाले एवढा त्रास देत नाहीत म्हणायचा. त्याला ती शांतपणे त्या बाकीच्या गॅरेजांचे पत्ते सांगायची. तो पत्ते ऐकून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी माल भरून तिच्याकडेच यायचा.

तशी ती जगाची आत्या होती. साठी उलटलेले ड्रायव्हरसुद्धा तिला आत्याच म्हणत, आणि ती स्वतः अजून पंचावन्नची व्हायची होती. खरी भाची मात्र एकच, थोरल्या भावाची मुलगी चिमी. लहानपणी मूठभर होती म्हणून चिमी. आता ती टाइल्सच्या पेट्या एका हाताने गाडीत चढवायची, पण घरात एकदा चिकटलेलं नाव कोण सोडवतो?

पत्र्याच्या त्या लांबट शेडला दोन शटर होती. मधे भिंत नव्हती, जमिनीवर रंगवलेला एक पिवळा पट्टा होता. पट्ट्याच्या डाव्या बाजूला दादाचे पाटे, उजवीकडे आत्याचे ब्रेक. ही वाटणी वडिलांनी केलेली. घण, भट्टी आणि पाटे मुलाला. ब्रेक मुलीला, कारण ते 'हलकं काम'. दहा वर्षं गंजून बसलेला चाकातला ब्रेकचा ड्रम त्यांनी एकदा तरी ओढून काढला असता, तर वडिलांनी तो शब्द परत उच्चारला नसता. पण ते गेले, आणि पोरीने हलक्या कामावर तीस वर्षांत नाव कमावलं. तिच्या हातून गेलेली गाडी त्याच तक्रारीसाठी परत आली, असं कधी झालं नव्हतं.

दादाचं नाव तर त्याहून मोठं. गाडीच्या मागच्या चाकांवर पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्यांची चळत असते, सगळं वजन ती पेलते. दादा त्या चळतीत एखाद-दोन जाड पाटे वाढवून द्यायचा. मग कितीही माल भरा, गाडी मागून बसायची नाही. रस्त्यात एखादी मागून बसलेली गाडी दिसली, की त्याचा दिवस खराब जायचा. "मालकाला लाज नाही," एवढंच म्हणून तो मान फिरवायचा. दादाने नाकावर माशी कधी बसू दिली नाही, आणि आत्यानेही नाही. म्हणून तर पट्टा. त्याने तिच्या ब्रेकबद्दल बोलायचं नाही, तिने त्याच्या पाट्यांबद्दल. तीस वर्षं दोघांनी तो नियम पाळला, आणि त्यामुळेच एका ताटात जेवू शकले.

चिमीने वर्षापूर्वी स्वतःची व्हॅन घेतली. टाइल्सच्या गोदामातून माल उचलायचा, लांब उतारावरून खाली यायचं, सिग्नलला वळायचं आणि बांधकामांवर पोचवायचा. गोदामवाल्याला गाडीसकट ड्रायव्हर हवा होता, म्हणजे गाडी आहे तोवर काम. दोन महिन्यांपूर्वी दादाने लेकीच्या गाडीला कौतुकाने दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे चढवले. गाडी अशी ताठ उभी राहिली, की तिच्याभोवती तो तीन चकरा मारून आला.

त्यानंतर आठवड्याभरात चिमी म्हणाली, "आत्या, ब्रेक उशिरा लागतोय."

आत्याने मागचे लायनर बदलले. पंधरा दिवसांनी चिमी परत आली, तर आत्याने ड्रम घासून घेतले, ब्रेकच्या नळीतली हवा काढली. दोन्ही वेळा चिमी संध्याकाळी माल पोचवून आली होती, गाडी रिकामी होती आणि ब्रेक झकास लागत होते. घरच्या गाडीला कोण माल भरून आण म्हणतंय? आत्याने जगाला लावलेला नियम भाचीला लावला नाही. ही तिची चूक, आणि पुढे ती तिने कधी लपवली नाही.

तिसऱ्या वेळी सिग्नलला गाडी थांबायच्या जागी थांबली नाही. बाजूला उभी केलेली एक स्कूटर तिने हातभर ढकलली. स्कूटरवर कुणी नव्हतं, एवढंच नशीब. दादाने गाडी शेडमागच्या गल्लीत फिरवून आणली, दोनदा करकचून थांबवली आणि किल्ली टेबलावर टाकली.

"ब्रेक ठणठणीत आहेत. हिचा पाय हलका आहे," तो म्हणाला. "नाचता येईना म्हणे अंगण वाकडं."

"बाबा, उतारावर भरलेली असताना—"

"पुरे. आज स्कूटर होती, उद्या माणूस असेल. आपल्या त्या गिऱ्हाईक बेकरीवाल्याला सोमवारी गाडी बघायला बोलावलंय. विकून टाकू."

तो भीतीपोटी बोलत होता हे आत्याला कळत होतं. पण बाप घाबरला की आवाज चढवतो आणि चढलेल्या आवाजात हुकूमच निघतो. चिमी बाहेर जाऊन उभी राहिली. तो शुक्रवार होता.

शनिवारी सकाळी आत्याने चिमीला सांगितलं, "गाडी भरून आण. काठोकाठ."

हजार किलो टाइल्स घेऊन व्हॅन शेडमध्ये आली. आत्या खाली शिरली. ड्रमकडे तिने बघितलंही नाही, ते तिला पाठ होते. ती उताणी पडून नुसती बघत राहिली, आणि मग तिला ती दांडी दिसली.

मागची चाकं जोडणाऱ्या एक्सलच्या वर, गाडीच्या सांगाड्याला, मुठीएवढा एक व्हॉल्व्ह असतो. त्यातून निघालेली दांडी एक्सलला जोडलेली असते. गाडी भरली की मागून बसते, दांडी वर ढकलली जाते, आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. रिकाम्या गाडीला तो दाब कमी सोडतो, नाहीतर मागची चाकं जाम होऊन गाडी आडवी फिरेल. इथे वर हजार किलो माल होता आणि दांडी रिकाम्या गाडीच्या जागेवर आरामात बसली होती. गाडी बसलीच नव्हती, तर दांडीला कळणार कसं? दादाच्या पाट्यांनी गाडीचं वजन गाडीपासूनच लपवलं होतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. पाटे दादाचे, ब्रेक आत्याचे, आणि ही दांडी दोघांच्या मधली, म्हणून कुणाचीच नाही. आत्याला आधी आनंद झाला. पोरीचा पाय खरा होता. मग तिला दादाचा चेहरा आठवला आणि ती आणखी थोडा वेळ तशीच पडून राहिली.

पण ती आत्या होती. बाहेर येऊन तिने हात पुसले आणि पट्ट्यापाशी जाऊन म्हणाली, "दादा, दुपारी तू गाडी चालव. भरलेली."

"मी चालवून बघितलीय."

"रिकामी बघितलीस. मीही रिकामीच बघितली. आपण दोघांनी त्या पोरीला खोटं पाडलं."

गोदामामागचा सपाट रस्ता दुपारी मोकळा असतो. आत्याने खडूने रेघ मारली. चाळीसच्या वेगाने यायचं, रेघेवर ब्रेक मारायचा. दादा आला आणि त्याने सगळं अंग पायावर टाकलं. गाडी थांबल्यावर उतरून तो स्वतःच पावलं मोजत रेघेपर्यंत आला. बावीस.

"रस्त्यावर धूळ आहे," तो म्हणाला.

"परत मार."

परत बावीस. या वेळी उतरताना त्याची पोटरी थरथरत होती. त्याच्या पायाला हलका म्हणायची कुणाची छाती नव्हती. चिमी रस्त्याच्या कडेला उभी होती आणि मुद्दाम दुसरीकडे बघत होती.

आत्या तारेचा तुकडा घेऊन गाडीखाली गेली आणि दांडी वर ओढून तिने बांधून टाकली. "आता मार."

पंधरा पावलं.

दादाने ती दोनदा मोजली. मग दुखरे गुडघे सांभाळत तो गाडीखाली शिरला. बराच वेळ त्याचे नुसते बूट दिसत होते. आत्याला त्याची दया आली. तिला वाटलं, कान सोनारानेच टोचावे म्हणतात ते ठीक, पण सोनाराचाही हात कापतो.

"मग ती तार राहू दे," तो खालूनच म्हणाला. "काम झालं."

"माल उतरवला की मागची चाकं जाम होतील. तारेच्या भरवशावर सोडतोस तिला?"

दादा सरकत बाहेर आला.

"पाटे काढावे लागतील, दादा. दांडीचं माप मी लावते."

"गाडी बसेल."

"बसू दे. बसली तरच दांडीला कळेल. आणि चिमे, दहा पेट्या कमी भरायच्या. कंपनीने लिहिलंय तेवढंच वजन."

"दोन फेऱ्या करीन," चिमी म्हणाली.

संध्याकाळी दादाने पाटे स्वतः काढले. कुणाला हात लावू देणार नाही असं वाटत होतं, पण चळत बाहेर ओढताना त्याने मान वर करून बहिणीकडे बघितलं. ती पट्टा ओलांडून गेली आणि तिने दुसरं टोक धरलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. रविवारी तिने ब्रेकचा दाब मोजायचे दोन मीटर लावून दांडीचं माप बसवलं, रिकाम्या गाडीला एकदा, भरलेल्या गाडीला एकदा. चिमीने चालवून दाखवली. भरलेली गाडी मागून चार बोटं बसली होती आणि चौदा पावलांत थांबली.

"माझ्यापेक्षा एक कमी," दादा म्हणाला. त्याहून जास्त काही त्याच्या तोंडून निघालं नाही.

आता खरं अवघड होतं. आत्याने चहाचा कप त्याच्या हातात दिला आणि विचारलं, "असे पाटे आणखी किती गाड्यांना?"

"अकरा," तो लगेच म्हणाला. म्हणजे तो रात्रभर मोजत होता. "त्यातल्या तीन बेकरीवाल्याच्या."

अकरा गाड्यांना बोलवायचं म्हणजे दादाने तीस वर्षं कमावलेलं नाव अकरा जणांपुढे खाली ठेवायचं. त्याने नाही केलं तर ते आत्याला करावं लागणार होतं, आणि तिला ते नको होतं. तिला तिचा भाऊ स्वतः ते सांगायला उभा राहिलेला हवा होता.

दादाने कप न पिताच खाली ठेवला आणि बेकरीवाल्याला फोन लावला. फोनवर तो नेहमी ओरडूनच बोलायचा. गाडीत पेट्या रचणाऱ्या चिमीलाही शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"उद्या गाडी बघायला येऊ नकोस. विकायची नाही. तुझ्या तिन्ही गाड्या घेऊन ये, रिकाम्या आण, माल भरू नकोस. माझ्या पाट्यांमुळे ब्रेक कमी लागतायत. हो, माझ्याच. माझ्या पोरीने तीनदा सांगितलं, मी म्हटलं तुझा पाय हलका. तुझा एखादा ड्रायव्हर काही बोलतोय का?"

पलीकडचा बराच वेळ बोलत राहिला. चिमी पेटी हातात धरून थांबली होती.

"मग तो खरं बोलतोय," दादा म्हणाला. "त्याला कामावरून काढू नकोस. घरी जा त्याच्या आणि माफी माग. ठेव फोन, मलाही इथे तेच करायचंय."