मशीनशी थेट बोलणाऱ्या ताई

"आधी कोन बोललं, ते सांग."

कुठल्याही भांडणाचा, बिघाडाचा, गोंधळाचा तपास ताई याच प्रश्नाने सुरू करायच्या. चष्मा कपाळावर सरकवायचा, हातातली पेन्सिल अंबाड्यात खोचायची आणि समोरच्याकडे न बघता विचारायचं, "आधी कोन बोललं?" ऑफिसात दोघांची जुंपली तरी हेच, प्रिंटर अडकला तरी हेच. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना माझं आणि बायकोचं एक भांडण सविस्तर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे आधी तूच बोलला." विषय संपला.

अमरावतीला राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या वरच्या मजल्यावर आमचं छोटं ऑफिस होतं. कारखान्यातल्या मशीनवर लक्ष ठेवणारा एक प्रोग्रॅम आम्ही बनवायचो. साहेब, आम्ही चौघं आणि ताई. ताई मूळच्या भातकुलीच्या, पंचेचाळिशीच्या, लग्न न केलेल्या. जवळच एका खोलीत एकट्या राहायच्या. तुम्हीही असं एखादं माणूस पाहिलं असेल. रोज वेळेवर येतं, सगळ्यांना त्याची गरज असते, आणि ऑफिस सुटल्यावर ते काय करतं, हे कुणालाच ठाऊक नसतं. डबा त्या खिडकीकडे तोंड करून खायच्या. रविवारी कधीकधी माझ्या घरी त्यांचा फोन यायचा.

"सर्व्हर चालू हाय नं?"

सर्व्हर चालूच असायचा. ते त्यांनाही माहीत असायचं. मग थोडा वेळ दोन्हीकडे शांतता, आणि "बरं, ठेवतो मंग." आता वाटतं, मी तेव्हा काहीतरी विचारायला हवं होतं. काहीही. जेवण झालं का, एवढं तरी.

अकोल्याच्या एमआयडीसीत आमचं एक गिऱ्हाईक होतं. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या यंत्रांना लागणारे शाफ्ट आणि रोलर तिथे बनत. शेडमध्ये एकच मोठं संगणकी लेथ मशीन, पण त्याच्यावर पाळ्या दोन. सकाळी सलीमभाई, दुपारनंतर देवरावजी. आमच्या प्रोग्रॅममुळे शेठजींना केबिनमधल्या स्क्रीनवर बसल्या जागी दिसायचं की मशीन चालू आहे की बंद. चालू असलं की हिरवा पट्टा, बंद असलं की लाल.

पण आमचा प्रोग्रॅम मशीनशी थेट बोलत नव्हता. मशीन बनवणाऱ्या कंपनीने दिलेली एक तयार फाइल, आमच्या भाषेत ड्रायव्हर लायब्ररी, मध्ये दुभाष्यासारखी बसलेली होती. आम्ही तिला विचारायचं, तिने मशीनला विचारायचं आणि उत्तर आणून आम्हाला द्यायचं. तिच्या पोटात काय चालतं ते आम्हाला दिसायचं नाही. लाइट जाऊन आली की ती कधी मुकाट बसायची, कधी कोसळायची आणि कोसळताना आमचा प्रोग्रॅमही सोबत घेऊन जायची. काय चुकलं, याची एक ओळसुद्धा मागे राहायची नाही.

आणि लाइट तर रोजच जायची. त्या दिवसांत अकोल्याचं लोडशेडिंग सकाळचं होतं, म्हणजे सलीमभाईंच्या पाळीत. पाच मिनिटांत जनरेटर सुरू व्हायचा, सलीमभाई पुन्हा कामाला लागायचे. स्क्रीनवर मात्र लाल पट्टा तसाच.

कापसाची ती वाईट वर्षं होती. लागोपाठ पिकं हातची गेली, जिनिंग एकेक करून बंद पडत होत्या, आणि ज्या चालू होत्या त्यांना नवे शाफ्ट नको होते. शेठजींनी ठरवलं, पाळी एकच ठेवायची. कोणाला ठेवायचं आणि कोणाला घरी पाठवायचं, हे ते स्क्रीन बघून ठरवणार होते.

हे आम्हाला कळलं ते सलीमभाईंकडूनच. मी आणि ताई तिथे दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो. सलीमभाई हात पुसत जवळ आले.

"ताई, तुमचा कम्प्युटर कहता है मैं दो-दो घंटा बैठतो. अल्ला कसम, मी बसलो नाई. माल मोजून घ्या."

ताईंनी लाइट किती वाजता जाते तेवढं विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने त्या पुन्हा अकोल्याला गेल्या, मलाही नेलं, आणि वही घेऊन मशीनशेजारी उभ्या राहिल्या. नग निघाला की वेळ लिहायची. लाइट गेली, लिहिलं. जनरेटर लागला, लिहिलं. दुपारपर्यंत त्या खाली बसल्या नाहीत. मग वही घेऊन तडक केबिनमध्ये.

"शेठ, मशीन बंद नोतं. आमचा प्रोग्रॅम बंद होता. महिनाभर कोनाले काढू नका. मी दुरुस्त करून देतो."

शेठजी माणूस वाईट नव्हते. महिना कबूल केला. आमचे साहेब मात्र दुसऱ्या दिवशी भडकले. "गिऱ्हाइकासमोर आपली चूक कोणी सांगते काय? उद्या तो पैसे मागंन परत!"

ताई म्हणाल्या, "आधी आपनच खोटं बोललो नं, साहेब."

त्यांनी ठरवलं ते सोपं नव्हतं. तो दुभाष्याच काढून टाकायचा आणि मशीनशी नेटवर्कवरून आपणच बोलायचं, सगळं आपल्या स्वतःच्या, उघड्या दिसणाऱ्या कोडमधून. पण मशीनची भाषा कुठे लिहून ठेवलेली नव्हती. मग ताईंनी अकोल्याला जाऊन लायब्ररी आणि मशीन यांच्यामधल्या तारेवरून जे जे जातं-येतं ते टिपून घेतलं आणि सगळं कागदावर छापून आणलं. आकड्यांचे नुसते गठ्ठे. लाल पेन्सिलीने विचारलेलं, निळ्या पेन्सिलीने मशीनने सांगितलेलं. तीन दिवस ताई त्या कागदांवर वाकून बसल्या.

"पाह्य," चौथ्या दिवशी मला म्हणाल्या, "हे आपनहून कधीच बोलत नाई. इचारलं तेवढंच सांगते. माह्यासारखंच हाय."

असं म्हणून त्या हसल्या. मला हसू आलं नाही. मी चहा सांगितला.

कोडमध्ये मधूनमधून खुलाशाची टिपणं लिहायची असतात. आम्ही ती मोडक्या इंग्रजीत लिहायचो, ताई वऱ्हाडीत. 'इथं थोडं थांब, लगेच इचारू नोको.' 'हा आकडा काहून येते, मले अजून समजलं नाई.' साहेब वैतागायचे, पण कोड चालत होता, त्यामुळे गप्प बसायचे.

दोन आठवड्यांनी पहिल्यांदा मशीनशी थेट बोलायला आम्ही अकोल्याला गेलो. जोडणी झाली, मशीनने उत्तर दिलं. ताईंचा चेहरा असा उजळला की सलीमभाईंनीही काम थांबवून पाहिलं. त्यांचे त्या सकाळी पाच नग झाले होते. स्क्रीनवर आकडा आला आठ कोटी अडतीस लाख शाऐंशी हजार ऐंशी.

सलीमभाई स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ताई, इतना तो मेरे बाप-दादा मिलके नहीं बनाए."

ताई कागद घेऊन बसल्या. सलीमभाई त्यांच्या खांद्यामागून डोकावले. कागदावर तीन शून्याच्या जोड्या आणि शेवटी पाच होता. ते रोज चहाच्या सुट्टीत उर्दू पेपर वाचायचे. सहज बोलून गेले, "पाच तर दिसून राहिला ना इथं. तुम्ही लोक उल्टी बाजूनं वाचून राहिले काय?"

खरंच तसं होतं. मशीन आकड्याचा मोठा भाग आधी पाठवायचं, आमचा संगणक आधी आलेला भाग लहान समजायचा. ताईंनी बाकी सगळीकडे क्रम उलटवून घेतला होता, नेमका नग मोजायच्या ठिकाणी विसरल्या होत्या. एक ओळ बदलली आणि स्क्रीनवर पाच आले. "सलीमभाई, तुमी आमच्या हापिसात या," ताई म्हणाल्या, आणि ते लाजले.

महिना पुरा व्हायच्या आत नवा कोड बसला. लाइट गेली की प्रोग्रॅम आता कोसळायचा नाही. थोडा दम घ्यायचा, पुन्हा मशीनला हाक मारायचा. मधल्या वेळात पट्टा लाल नाही, करडा दिसायचा. करडा म्हणजे आम्हाला माहीत नाही. साहेबांना तो रंग आवडला नव्हता. ताई अडून बसल्या होत्या. "माहीत नाई तं माहीत नाई म्हना नं, बाप्पा."

सलीमभाईंची पाळी हिरवीगार दिसू लागली. गोष्ट इथे संपली असती तर किती बरं झालं असतं.

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा दुपारी मशीन झाकलेलं होतं. ताईंनी विचारलं, "देवरावजी कुठी हायेत?" सलीमभाई खाली बघू लागले. "मले ठेवलं, ताई," एवढंच म्हणाले.

देवरावजी पन्नाशी उलटलेले. प्रत्येक नग काढल्यावर मायक्रोमीटरने दोनदा मोजल्याशिवाय बाजूला ठेवायचे नाहीत. त्यामुळे त्यांच्या पाळीत कमी नग निघायचे. सलीमभाईंच्या खोट्या लाल पट्ट्यामागे ते आजवर झाकले गेले होते. ताईंनी पट्टा खरा केला आणि ते उघडे पडले.

ताई केबिनमध्ये गेल्या. शेठजी म्हणाले, "तुमच्याच स्क्रीनवर दिसून राहिलं, ताई. दोघाले ठेवनं मले झेपत नाई. मी तरी काय करू?"

"आपन मशीनले नग किती झाले तेवढंच इचारलं, शेठ. चांगले किती, ते इचारलंच नाई."

शेठजींनी तपासणीचं रजिस्टर समोर ठेवलं. बघा म्हणाले. ताईंनी पाहिलं. तीन वर्षांत देवरावजींचा एकही नग परत आलेला नव्हता. शेठजींनी ते वाचलं आणि नकारार्थी मान हलवली. शेडमध्ये एका पाळीपुरतंही काम उरलं नव्हतं. ताईंनी तिथेच बसून रजिस्टरमधली देवरावजींची सगळी पानं हाताने उतरवून घेतली आणि खाली शेठजींची सही घेतली. सही त्यांनी लगेच दिली.

परतीच्या प्रवासात मूर्तिजापूर जाईपर्यंत त्या उतरवलेली पानं पुन्हा पुन्हा चाळत होत्या. मग म्हणाल्या, "परतवाड्याले येतं काय माह्यासंगं, रविवारी? देवरावजी तिथं गेले म्हनते. एकटीनं जानं जिवावर येऊन राहिलं."

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

देवरावजी भावाच्या घरी ओट्यावर बसले होते. आम्हाला बघून उठले, पाणी मागवलं. ताई हातातले कागद नुसते सरळ करत राहिल्या. शेवटी तेच म्हणाले, "ताई, तुमच्यावर राग नाई. माहं काम हळूच होतं, ते खरंच हाय."

"हळू नोतं. बरोबर होतं," ताई म्हणाल्या आणि कागद त्यांच्या हातात दिले.

स्टँडजवळ एका वर्कशॉपमध्ये साध्या, हाताने चालवायच्या लेथवर पंपाचे शाफ्ट बनत. ताईंनी फोन करून चौकशी आधीच करून ठेवली होती. आम्ही तिघं गेलो. मालकाने कागद चाळले आणि लोखंडाचा एक तुकडा देवरावजींना दिला. त्यांनी तो लावला, कातला, काढला, मोजला, पुन्हा मोजला. मालक तोवर थांबला. मग स्वतः मोजून पाहिलं. "उद्यापासून या," म्हणाला.

ताई झटकन बाहेर गेल्या. मी मागे गेलो तेव्हा त्या एका उभ्या जीपच्या बॉनेटवर हात टेकून उभ्या होत्या. "माह्याच हातानं गेला असता तो मानूस," म्हणाल्या, आणि पदराने चष्मा पुसत राहिल्या.

पुढे आमच्या साहेबांनी तो कोड पुण्याच्या, नाशिकच्या कारखान्यांना विकला. ऑफिस मोठं झालं, नवी माणसं आली. अकोल्याचं ते शेड बंद पडलं, सलीमभाई औरंगाबादला गेले. ताई त्याच खिडकीशी बसायच्या. मधल्या काळात त्या वाळत चालल्या होत्या, हे आम्ही पाहिलं होतं, पण कोणी काही म्हटलं नाही. एका सोमवारी त्यांनी पंधरा दिवसांची रजा मागितली. कारण सांगितलं नाही. रजा संपली तरी आल्या नाहीत. मग त्यांच्या भावाचा फोन आला, तेराव्यापर्यंतचं सगळं आटोपल्यावर.

मी भातकुलीला गेलो. भावाची फुलांची शेती. अंगणात झेंडूच्या भरलेल्या टोपल्या बाजाराला जायच्या म्हणून ओल्या फडक्यांनी झाकून ठेवल्या होत्या. त्याने मला खाट टाकून दिली आणि समोर जमिनीवर बसला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झालं. मग त्याने विचारलं,

"भाऊ, बाई तिथं नेमकं काय काम करे? आमाले कम्प्युटरचं म्हनते, एवढंच मालूम हाय."

मी सांगायला लागलो. कुठून सुरुवात करावी ते कळेना, म्हणून तार काय असते इथपासून सुरुवात केली. आतून त्याची बायको आली आणि दाराशी उभी राहिली. म्हातारे वडीलही काठी टेकत येऊन बसले. ते तिघं ऐकत होते. फाट्यावरून अमरावतीची एक बस गेली, थोड्या वेळाने दुसरी गेली. मी सांगत होतो.