मुलाम्याखालचं नाव

जुना धातू हाताळल्यावर बोटांना जो वास राहतो, तो साबणाने जात नाही. आंबूस, तुरट, थोडा रक्ताच्या चवीसारखा. गेली वीसेक वर्षं तो माझ्या बोटांना आहे, आणि एकेकाळी मला त्याचा अभिमान होता. आता घास तोंडाशी नेला की आधी तो वास पोचतो आणि अन्नावरची वासनाच उडते.

मी चांदीचा मुलामा दिलेल्या जुन्या वस्तू गोळा करतो. अस्सल चांदी निवृत्त ग्रंथपालाला परवडणार कुठून? आत पितळ आणि वर चांदीचं कांद्याच्या पापुद्र्याएवढं आवरण, अशा गुलाबदाण्या, अत्तरदाण्या, पानदानं, हळदीकुंकवाची तबकं. मंगळवार बाजारातल्या मोडीच्या ढिगांतून मी त्या उचलून आणल्या. अस्सल चांदी श्रीमंताघरी कुलपात निजते. मुलाम्याची वस्तू मात्र अशा घरातली, ज्याला चांदी झेपत नव्हती, पण दाराशी आलेल्या सवाष्णीवर गुलाबपाणी शिंपडायचं ते चांदीच्याच थाटात, असा ज्याचा हट्ट होता. त्या चकाकीत खोटेपणा आहे असं म्हणणारे खुशाल म्हणोत, मला तिच्यात दारिद्र्याचं औदार्य दिसत असे. आज तेही दिसत नाही.

आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची रीत आहे. खिळ्याएवढ्या छिन्नीने टिंबं ठोकत ठोकत अक्षर उमटवायचं. शेजारी गेलेलं भांडं ओळखून परत यावं, एवढाच त्यामागचा व्यवहार असेलही. पण जिचं नाव दारावरच्या पाटीवर नाही, घराच्या उताऱ्यावर नाही, तिचं नाव तांब्याच्या काठावर असतं, हे काय नुसत्या व्यवहारापोटी? माझ्या संग्रहातल्या बहुतेक वस्तूंच्या बुडाशी अशी नावं होती. पाहुणे वस्तू उलटी करत, नाव वाचत आणि माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसत. पत्नी तर स्पष्टच म्हणे, “दुसऱ्यांची नावं आपल्या घरात कशाला? उद्या कुणी म्हणेल, कुठून उचलून आणलंय.” मला ते लागायचं. जन्मभर पुस्तकांवर मालकीचे शिक्के मारलेला माणूस मी. माझ्याच कपाटात परक्यांची नावं मला टोचू लागली.

गेल्या फाल्गुनात मी दहा-बारा वस्तू पिशवीत भरून मुलामा देणाऱ्याकडे नेल्या. नवा थर चढवायचा तर आधी जुना घासून काढावा लागतो. त्याने एक गुलाबदाणी उलटी केली, बुडावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, “नाव हाय की हितं. मशिनवर घासलं की जाईल बगा. ठिवायचं का?” मी म्हणालो, जाऊ द्या, सगळं गुळगुळीत करा. ‘नरसम्मा’ अशी ती वाकडीतिकडी अक्षरं होती. मी ती वाचली होती. वाचून मग ‘जाऊ द्या’ म्हणालो होतो.

चैत्र सरताना एका दुपारी एक बाई पत्ता विचारत दाराशी आल्या. पन्नाशीच्या, विणकर वस्तीतल्या, घामाने डबडबलेल्या. मोडवाल्याने त्यांना माझं घर सांगितलं होतं. पाणी प्यायल्यावर त्या बोलू लागल्या. “आमची आई विड्या वळायची, काका. ती गेल्यावर भावानं तिची गुलाबदाणी मोडीत घातली, मला न इचारता. आईला लिवता येत न्हवतं. सगळीकडं अंगठाच. पण भांडेवाल्याफुडं बसून तिनं नाव घालून घेतलं होतं बुडाला. त्येच्यावर बोट ठिवून आमाला दाखवायची, ही मी म्हणून.”

मी नाव विचारलं नाही; ‘नरसम्मा’ ही वाकडीतिकडी अक्षरं डोळ्यांपुढे आली होती. उठलो, कपाट उघडलं आणि ती गुलाबदाणी त्यांच्या हाती दिली. का दिली? कदाचित ओळखतील, कदाचित घडणीवरून, गळ्यावरच्या वेलबुट्टीवरून त्यांना कळेल आणि मला काही बोलावंच लागणार नाही, अशी भेकड आशा असावी. त्यांनी ती उलटी केली. बुडाच्या लखलखीत चांदीत त्यांचाच चेहरा दिसत होता. त्यांनी पदराने बूड पुसलं, उजेडाकडे धरलं, पुन्हा पुसलं. मग आईची ती वस्तू त्यांनी टेबलावर अलगद ठेवली आणि म्हणाल्या, “ही न्हवं.”

त्या क्षणी बोलायला हवं होतं. मी गुलाबदाणी उचलून पुन्हा कपाटात ठेवली. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती मोठी होती. आपण काय पुसून टाकलं हे त्या बाईच्या डोळ्यांत वाचायची भीती. मागाहून वाटलं, नाव पुन्हा घालून आणावं. एका कारागिरापर्यंत गेलोही. त्याने कागदावर सुबक, सरळ अक्षरं काढून दाखवली आणि मी तसाच परत फिरलो. त्या वाकड्या टिंबांमागे समोर बसलेली एक बाई होती, आपलं नाव उमटताना आयुष्यात पहिल्यांदाच पाहणारी. तिची जागा मी माझ्या खोट्याने भरणार होतो? पाप झाकण्यासाठी त्यावरही मुलामा?

मुलामा उडाला की खालचं पितळ तरी हाती लागतं. माझ्या रसिकतेचा थर खरवडला तर खाली काय निघतं, ते मी त्या दुपारी पाहिलं. तेव्हापासून कपाटाकडे बघवत नाही. दहा-बारा गुळगुळीत बुडं आहेत तिथे. त्यांवर कुणाकुणाची नावं होती, मला धड आठवतही नाही.

बाई निघताना माझा नंबर घेऊन गेल्या. दिवाळी होऊन गेली, तरी दर पंधरा-वीस दिवसांनी त्यांचा फोन येतो. बाजारात ढीगच्या ढीग उलटून बघतात, लई हिंडतात, सांगतात. मग विचारतात, “तुमच्याकडं आली का, काका?” अजून नाही, असं मी म्हणतो. मग त्या मलाच धीर देतात, “असू द्या. तुमाला यातलं कळतंय, तुमी बघताय म्हणून मला आशा हाय.”