गजाचं शिबीर आणि परसातला नारळ

गजाला भाषणांचा भारी कंटाळा.
त्याच्या शोकसभेत लोक दोन तास बोलले.

मी मागच्या खुर्चीत बसून मनातल्या मनात म्हणत होतो, गजा, ऊठ आणि तो माईक काढून घे.

आज त्याला जाऊन वर्ष झालं.

तुमच्यापैकी जे त्याला ओळखत नाहीत त्यांना सांगतो. गजानन माझा शाळासोबती. गोव्यात, डिचोलीच्या एका कॉलेजात शिकवायचा. दर हिवाळ्यात, निवृत्तीनंतरही, पोरांना घेऊन पेडण्यातल्या एखाद्या गावात नेतृत्व शिबीर भरवायचा. पोरं त्याला ‘लीडरशिप प्रोग्राम’ म्हणायची, हा नुसतं ‘काम’ म्हणायचा.

मी मराठी शाळेतला निवृत्त मास्तर. जन्मभर मुलांकडून कविता चालीवर म्हणवून घेतल्या. अजून तिन्हीसांजेला अंगणात बसलो की कुठली तरी ओळ आपली आपण ओठांवर येते आणि मी पुन्हा त्या वर्गात जाऊन बसतो.

असो. गजाकडे येतो.

लीडर निवडायची त्याची रीत उलटी. सगळ्यांत मागे बसेल, तो लीडर.

एका वर्षी मागे बसली होती रसिका. माझ्या लेकीची मुलगी, धारगळची.

चार माणसांत तिचा आवाज फुटत नसे. दुकानात गेली तरी बोट दाखवून वस्तू घ्यायची.

मी गजाला फोन केला. "अरे, पोर धड जेवत नाही. दुसऱ्या कुणाला तरी कर लीडर."

"तू पण ये शिबिराक," तो म्हणाला. "तिका जेवण वाढ. बाकीचां माज्यार सोड."

गेलो. हळर्ण गावाला.

गावची जुनी झर, म्हणजे पाण्याचा झरा, गाळानं भरली होती, ती उपसायची होती. पोरांनी बॅनर बांधला, फोटो काढले, घमेली उचलली.

गावकरी देवळाच्या सोप्यावर बसून बघत राहिले. एकही उठेना.

कॉलेजची निवडणूक जिंकलेल्या एका मुलानं स्वच्छतेवर फर्डं भाषण ठोकलं. सोप्यावर कुणीतरी जांभई दिली.

शेवटी त्यांच्यातले सर्वांत वयस्क, बाबलआजो, बोलले.

"झरीत उतरूच्या आदी कोणाक इचारलात? नारळ खंय? गाऱ्हाणां खंय?"

आमच्याकडे गावचं काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. एकानं नारळ ठेवून देवाकडे मागायचं, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. पोरं याच भागातली, प्रत्येकाच्या घरी हे चालतं. पण कॉलेजचं काम म्हटल्यावर बॅनर आठवला, नारळ राहिला!

रसिका गजाकडे धावली. "सर, तुम्ही बोला ना."

गजा दगडावर बसून चहात उंडा पाव बुडवत होता.

"मी? माका कोणी लीडर केलां?"

मला असा राग आला त्याचा!

पोर वळून समोरच्या दुकानात गेली, नारळ घेतला, आणि बाबलआजोंपुढे जाऊन उभी राहिली.

"आजो, चुकलां आमचां. तुमी घाला गाऱ्हाणां."

"काम तुजां, मागणां पण तुजां. तूच घाल."

मागून कुणी तरी पोरीला हसलं. "चेडू घालतला गाऱ्हाणां?"

"कित्याक? चेडवाक तोंड नाय काय रे?" बाबलआजो गरजले.

रसिकानं नारळ ठेवला. हात जोडले.

"बा देवा म्हाराजा..."

आणि अडकली.

मी पुढे व्हायला निघालो.

तेवढ्यात बाबलआजोंचा खणखणीत आवाज आला. एकट्याचाच.

"व्हय म्हाराजा!"

"आज आमी पोरां तुज्या झरीर इलंव..."

"व्हय म्हाराजा!" आता चार-पाच आवाज.

"काय चुकलां-माकलां आसात तर पदरात घे, आणि ह्या झरीचां पाणी परत व्हावंदे..."

"व्हय म्हाराजा!" अख्खा सोपा.

मला माझा वर्ग आठवला. कविता म्हणताना एखादं पोर मध्येच ओळ विसरायचं. मग सगळा वर्ग ती ओळ उचलून धरायचा, आणि पोर पुढची ओळ म्हणायचं.

त्या दिवशी अर्धं गाव घमेली घेऊन झरीत उतरलं. दुपार कलता कलता पाणी वाहू लागलं.

गजा माझ्या शेजारी येऊन बसला. "एकटीनं बोलूचां म्हणान भियायची रे मास्तर. दुसरां काय नाय."

त्यानंतर रसिका घरीही बोलायला लागली. पुढे शिकायचं, हे बापाला तिनं स्वतः सांगितलं. बाप आधी चिडला, मग फी भरून आला.

आज ती गजाच्याच कॉलेजात शिकवते.

गजा गेल्यावर स्टाफरूममध्ये सगळे म्हणाले, शिबीर संपलं. घेणार कोण? प्रिन्सिपल म्हणाले, रसिका मॅडम घेतील तर ठेवू, नाहीतर बंद.

शिबीर जवळ आलं तशी ती माझ्याकडे आली. चेहरा पुन्हा तोच, मागच्या बाकावरचा.

"आजो, सर नाय. माका जमूचां नाय."

मी उठलो. परसातला एक नारळ सोलला आणि तिच्या पिशवीत टाकला.

आज सकाळी पेडण्यातल्याच चोपड्याच्या नदीकाठावर शिबीर सुरू झालं. काठावर अडकलेली फाटकी जाळी आणि प्लास्टिक काढायचं काम. मीही गेलो होतो. रापणकार, म्हणजे जाळी ओढणारे मासेमार, बाजूला उभे राहून बघत होते.

यंदाचा लीडर एक लाजरा मुलगा. तो रसिकाकडे आला. "मॅडम, तुम्ही बोला ना, प्लीज."

रसिका होडीला टेकून बसली. पिशवीतला नारळ काढून तिनं त्याच्या हातात दिला.

"मी? माका कोणी लीडर केलां?"

गजा, तुझा आवाज ऐकला रे मी!

मुलानं नारळ वाळूत ठेवला. "बा देवा म्हाराजा," इतकंच म्हणाला आणि थांबला.

चोपड्याच्या काठावर आज सगळ्यांत आधी ओरडला तो तुझा मास्तर.

व्हय म्हाराजा!

मग रसिका. मग पोरं. मग रापणकार.

गजा, तुझं काम चालू आहे. सुखात राहा, मित्रा.