मागचं बेअरिंग

गाडीचं बॉनेट उघडलं की सुदाममामा आधी सगळ्यांना गप्प बसवायचे. पोरं आत, मोबाइल बंद, शेजारच्या शिलाई मशीनलासुद्धा सुट्टी. मग लांब पेचकसाचं टोक चालू इंजिनाच्या एकेका भागावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. आमच्या मंठा गावात नवा आलेला माणूस हे बघून हसायचा. मिनिटभराने मामा डोळे उघडत आणि सांगत, "पंप बराबर आहे. पुली रडून राह्यली." खोलल्यावर तसंच निघायचं.

मामांचं गॅरेज नव्हतं. खांद्याला पिशवी अडकवून ते घरी यायचे. "आजारी माणसाला कशाला फिरवायचं? मीच येतो," म्हणायचे. एक बिघडलं की चार बदलणाऱ्या मेकॅनिकांचा त्यांना भारी राग. "चांगल्या पार्टाला हात लावणं म्हंजे पाप. आधी ऐका, मंग खोला."

आणि अशा माणसाचा कान गेला. मागून हाक मारली तर वळायचे नाहीत, समोर बोललं की आपल्या ओठांकडे बघायचे. गल्लीला सगळं माहीत होतं. पण त्यांच्या तोंडावर कोण बोलणार? लोकांनी त्यांना काम सांगणंच हळूहळू बंद केलं. सकाळी पिशवी घेऊन पारावर बसलेले मामा दुपारी तशीच पिशवी घेऊन घरी जाताना दिसायचे. मला फार वाईट वाटायचं. पण वाईट वाटण्यापलीकडे मी काही केलं नाही, हेही खरं.

अशातच आमच्या जुन्या जीपमधला बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर किंचाळायला लागला. बॉनेट उघडून मी फाटकाशी उभा असताना मामांनी पाहिलं. "गुरुजी, मला न्हाई सांगितलं?" म्हणाले. "सांगणारच होतो," मी म्हणालो. चक्क थाप.

रविवारी सकाळी मामा आले. अल्टरनेटरात दोन बेअरिंगं असतात, पुढचं मोठं आणि मागचं बारकं. मी दोन्ही नवी आणून ठेवली होती. मामांनी पेचकस लावला, डोळे मिटले. नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ ते तसेच वाकून राहिले. "पुढचं गेलंय. मागचं बिलकुल ठीक आहे."

"आणलंय तर दोन्ही टाकून घेऊ की!" मी ओरडून म्हणालो.

"चांगल्याला हात न्हाई लावायचा."

हात मात्र तेच होते. आधी बॅटरीची वायर सोडली, पट्टा उतरवला, अल्टरनेटर पोत्यावर घेऊन खोलला. नवं बेअरिंग बसवताना त्याच्या बाहेरच्या कड्यावर पाइपाचा तुकडा ठेवून हलके हलके ठोकलं. "आतल्या कड्यावर हाणलं तर नवं बेरिंग जाग्यावर मरतं, गुरुजी." मी मान डोलावली.

जीप चालू केली. किंचाळणं कमी झालं होतं, पण अल्टरनेटरच्या मागच्या बाजूने बारीक चिरका आवाज येतच होता. मामांनी परत पेचकस लावला. मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"बंद झाला ना आवाज?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी कुणाला विचारलं नव्हतं. "बंद! एकदम बंद!" मी म्हणालो. मामा लहान पोरासारखे हसले.

माझी बायको सुनंदा दारातच होती. मामा गेल्यावर कडाडली, "म्हाताऱ्या माणसाला फसवलंत!"

"मग काय, तुम्ही बहिरे झालात म्हणून सांगू?"

"आवाज येतोय एवढंच सांगायचं होतं."

दुसरीकडून गुपचूप बेअरिंग बदलून घ्यावं, तर मामांना कळलं असतं. आज करू, उद्या करू म्हणत आठवडा गेला आणि जालन्याच्या रस्त्यावर ते मागचं बेअरिंग जाम झालं. पट्टा जळाला. ट्रॅक्टरला बांधून आणलेल्या जीपची गल्लीतून वरात निघाली. न बोलावता मामा पिशवी घेऊन आले.

अल्टरनेटर खोलून त्यांनी फुटलेलं बेअरिंग तळहातावर घेतलं आणि माझ्या ओठांकडे बघत विचारलं, "त्या दिशी हे वरडत हुतं का?"

"हो, मामा."

"तुमाला ऐकू येत हुतं?"

"हो."

"मंग?"

मी त्यांच्या तळहातावरच्या बेअरिंगकडे बघू लागलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी पुन्ना खोललं असतं की. अर्ध्या घंट्याचं काम. माझा कान गेला, ते मला कळत न्हाई का, गुरुजी? म्हणून तर तुमाला इचारलं."

रागावले असते तर बरं झालं असतं. ते खाली बसले, मागचं बेअरिंग बदललं, नवा पट्टा चढवला. मी पाना द्यायला हात पुढे केला, तर त्यांनी तो स्वतःच उचलून घेतला. सगळं जोडून झाल्यावर जीप चालू केली आणि माझ्याकडे न बघता दाराकडे पाहिलं.

"सुनंदा, पोरी, तू सांग. आवाज येऊन राह्यला का?"

सुनंदा पदर खोचून आली, बॉनेटवर वाकली आणि चांगली मिनिटभर ऐकत राहिली. मग त्यांच्यासमोर येऊन सावकाश म्हणाली, "नाही मामा. बंद झालाय."

मामांनी पिशवी उचलली आणि ते निघून गेले. आवाज खरंच बंद झाला होता. मी तिथंच उभा होतो, पण मला कुणी विचारलं नाही.