खालच्यानं उतर म्हटलं की

श्रावणसोबत पहाडावर जाची मले काडीची हौस नव्हती. माझं रामाकोन्यात पंक्चरचं दुकान आहे, अन् उन्हाळ्यात डांबर तापून टायर फुटले की ते चालते. पण श्रावणची पोरगी सुप्रिया नागपूरले नर्स आहे. तिनं हिमाचलातल्या ट्रेकमध्ये बापाचं नाव टाकलं अन् मले फोन केला. म्हणे, बाबा एकटे जाऊन राहिले, गजूकाका, तुम्ही सोबत जा, ते तुमचंच ऐकतात. ऐकते कुठचा! इतक्या वर्षांत या माणसानं माझं एक ऐकलं असन तर शपथ.

श्रावण म्हणजे संत्रा तोडणाऱ्या टोळीचा मुकादम. सौंसरकडच्या बागवानांत त्याची टोळी नावाजलेली, अन् त्याचं शिवराळ तोंडही. जुन्या संत्र्याची फांदी वरून हिरवी दिसते अन् आतून पोकळ राहते. वर चढलेल्याले फळं दिसते. फांदी कुठं उलून, तडकून राहिली, ते खालच्याले दिसते. म्हणून त्याच्या टोळीत एकच कायदा. शिडी धरणाऱ्यानं 'उतर' म्हटलं की वरच्यानं उतराचं. काहून म्हणून वरून विचाराचं नाही. जे विचाराचं ते जमिनीवर पाय टेकल्यावर, अन् मग खालच्यानंही काय दिसलं ते नीट सांगाचं. एका नव्या गड्यानं वरूनच हुज्जत घातली, तर श्रावणनं त्याले भर दुपारी बसमध्ये बसवून घरी धाडलं. दुकान टाकाच्या आधी मीही याच टोळीत होतो. श्रावणची शिडी मीच धराचो.

हा कायदा त्यानं हौसेनं नाही केला. त्याचा लहान भाऊ गुणवंता एकदा असाच झाडावर होता, अन् खाली श्रावण. श्रावणनं 'उतर' म्हटलं. गुणवंता हसला. 'काहून? भेऊन राहिला का, भाऊ?' म्हणला अन् शेंड्याच्या फळाले हात घातला. फांदी तुटली. खाली विहिरीचा दगडी काठ होता. श्रावण ही गोष्ट कोणाले सांगत नाही. मले माहीत आहे, कारण मी त्या बागेत होतो.

आता पहाडावर जाचं, तर लोक बरफ पाहाले जाते. याले बरफाचं काही पडलं नव्हतं. त्या ट्रेकच्या खिंडीत लोक पताका बांधतात, हे त्यानं मोबाइलवर पाहिलं होतं. आमच्या विहारातला छोटा पंचशील ध्वज त्यानं मागून घेतला. तो त्या खिंडीत गुणवंताच्या नावानं बांधाचा, एवढंच त्याले पाहिजे होतं. त्याच्यासाठी उन्हाळाभर रोज पहाटे कन्हान नदीपर्यंत चालून येई. गावातल्या पोरांनी लय चिडवलं, पण हा मागं हटला नाही.

पांढुर्ण्याहून आम्ही गाडी धरली. सुप्रिया नागपूरहून टेशनवर आली होती. तिनं मले बाजूले घेऊन समजावलं. उंचावर हवा पातळ राहते, माणसाची बुद्धी चळते, अन् ते त्याचं त्याले कळत नाही. ओठ निळे पडले, चाल डगमगली, काही भलतंच बोलले, तर एक पाऊल वर टाकू देऊ नका. श्रावण तवा खिडकीतून समोसेवाल्याशी भांडून राहिला होता.

पहिले काही दिवस तो सगळ्यांच्या पुढं. पुण्याची पोरं-पोरी सोबत होती, ती त्याले काका म्हणत. मी मागं धापा टाकत. तो वरून ओरडे, 'गजू, हवा गेली का बे तुझी?' मले राग येई, पण चालाले धीरही येई.

शेवटच्या चढाच्या दिवशी मात्र तो गप्प होता. सकाळपासून एक शिवी नाही. म्हणून म्या त्याच्याकडं नीट पाहिलं. उजव्या हाताचा मोजा त्यानं डाव्या हातात घातला होता. डोकं दुखते का विचारलं, तर नाही म्हणला. बाकी मंडळी पुढं गेली. मागं आम्ही दोघं अन् एक पहाडी गाइड राहिलो. खिंड समोर दिसून राहिली होती. पताकांचे रंगसुद्धा वेगवेगळे दिसत. श्रावण चार पावलं टाके अन् झोकांडी खाई. ओठ जांभळासारखे झालेले. म्या विचारलं, ध्वज कुठं आहे रे? त्यानं हातातल्या ध्वजाकडं पाहिलं अन् म्हणला, 'घरीच राहिला.'

खरं सांगतो, तरीही माझं मन होईना. एवढ्यासाठी हा माणूस आला, अन् खिंड ही अशी समोर. चढू द्यावं, दोन मिनिटांत तो बांधून येईल, असंही मनात आलं. मग म्या बागेत देत होतो तसाच आवाज दिला.

'श्रावण, उतर.'

तो थांबला. त्याची पाठ माझ्याकडं होती. पताकांकडं पाहत उभा राहिला, तोंड उघडलं. आता हा 'काहून' म्हणते, मले वाटलं. पण तो वळला अन् उतराले लागला. एक हात गाइडनं धरला, एक म्या. उतरताना तो रडत होता. मीही रडलो, लाजाचं काय त्यात.

खालच्या तळावर पोचलो तवा त्याच्या ओठांवर रंग आला होता. तंबूच्या दोरीत पाय अडकला, तर त्यानं दोरीले शिवी दिली. मले लय बरं वाटलं. मग तो जमिनीवर बसला, बूट काढले अन् दोन्ही पाय मातीवर टेकवले.

'आता सांग,' म्हणला. 'काय दिसलं तुले?'

म्या सगळं सांगितलं. ओठ, मोजा, झोकांडी, अन् हातातला ध्वज घरी राहिला म्हणला ते. त्यानं ऐकून घेतलं. ध्वजाची घडी करून मांडीवर ठेवली अन् बराच वेळ तिच्यावरून हात फिरवत बसला.

'गुणवंता खाली आला असता,' तो म्हणला, 'तर म्याही त्याले दाखवली असती. फांदी उलली होती.'

गाइडनं चहा आणला होता. म्या कप त्याच्या हातात दिला अन् बाजूले बसून राहिलो.