सायकल धरून उभा राहिलेला

"मानूस येऊ द्या, मंग सोडसू."

हे वाक्य मी त्याच्या तोंडून किती वेळा ऐकले याला गणती नाही. सुरतेच्या लिंबायतीतल्या एका लूमखान्यात तो चार माग सांभाळायचा. पाळी संपली तरी पुढचा कामगार येऊन मागावर हात ठेवीपर्यंत हा जागचा हलायचा नाही. एकदा कुणीतरी असाच चालू माग सोडून गेला, आडवा धागा नेणारा टोकदार धोटा उडाला आणि शेजारच्याचा डोळा गेला. ते याने समोर उभे राहून पाहिले होते. तेव्हापासून दुसऱ्याच्या हातात दिल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा त्याचा धर्मच झाला.

सत्तर सालानंतरची गोष्ट. मी सुरतेत मराठी शाळेवर मास्तर होतो. तो माझ्याकडे आला बाहेरून मॅट्रिकला बसायचे म्हणून. वय बावीस-तेवीस, खांदे रुंद, इंग्रजी जेमतेम. मॅट्रिक कशाला, विचारले तर म्हणाला, "तलाववर नोकरी शे, गुरुजी."

शहरातल्या एका जिमखान्याने पोहण्याचा तलाव बांधला होता आणि पोहणे शिकवायला माणूस हवा होता. उमेदवार मॅट्रिक झालेला हवा आणि जिमखान्याच्या तिहेरी शर्यतीत पहिला आलेला हवा, असे त्यांनी जाहीर केले होते. भरतीच्या वेळी तापी पोहून पार करायची, घाटावरून सायकलने डुमसचा समुद्र गाठायचा, तिथे सायकल सोडून चार मैल धावायचे. अशी शर्यत त्याआधी सुरतेत कुणी ऐकलीही नव्हती. शर्यतीनंतर आठच दिवसांनी त्याची परीक्षा होती.

'वेळच मिळत नाही हो' म्हणणारे तुम्हीही पुष्कळ पाहिले असतील. मी तर शाळेत रोज पाहत होतो. बापाच्या पैशावर शिकणारी, दुपारी झोपा काढणारी पोरे. हा बारा तास मागावर उभा राहायचा. भूमितीच्या सिद्धान्तांच्या चिठ्ठ्या मागाच्या चौकटीत खोचून ठेवायचा आणि येता-जाता एकेक ओळ पाठ करायचा. एक दिवस शेठने त्या ओढून काढल्या, फाडल्या आणि म्हणाला, "भणवुं होय तो निशाळे जा ने!" शिकायचे असेल तर शाळेत जा म्हणे! बारा तास राबवून घेणाऱ्याने हे म्हणावे? माझे डोके फिरले, पण याने नव्या चिठ्ठ्या लिहिल्या आणि सदऱ्याच्या बाहीत खोचल्या.

पाळी दिवसाची, म्हणून पोहणे पहाटे. त्याचे गाव वर खानदेशात, तापीच्याच काठी. पाण्यात उतरताना कपाळाला पाणी लावून म्हणायचा, "पाय लागी ऱ्हायना, माय." पाय लागतोय म्हणून नदीची माफी. मी काठावर काळजीत उभा. त्याला त्याचे हसू यायचे. "आमना गावनंच पानी शे हाई, गुरुजी. माले कसं बुडावी?"

सायकल माझी होती. सुटीच्या दिवशी तो ती घेऊन भेस्तानच्याही पुढे पलसाण्यापर्यंत जायचा. धावण्याचा सराव वेगळा नको म्हणायचा. चार मागांमध्ये दिवसभर तेच चालले होते. सायकल परत आणली की भिंतीला टेकवायचा नाही. मी बाहेर येऊन हँडल धरले की मग सोडायचा. मी थट्टा करायचो, "अरे, ती काय धोटा उडवणार आहे?" तो नुसता हसायचा.

शर्यतीच्या आदल्या दिवशी त्याने एकच गोष्ट विचारली. डुमसला सायकल कोण धरणार? मी म्हणालो, "मी असेन ना उभा."

डुमसला मांडव घातला होता. मास्तर म्हणून मला पुढच्या रांगेत खुर्ची मिळाली, हातात गरम भज्यांची बशी आली. लाउडस्पीकरवर पाहुण्यांची ओळख चालली होती. माझे नाव पुकारले गेले, मी उठलो, गळ्यात हार पडला. टाळ्या झाल्या. मला बरे वाटले. खोटे कशाला बोलू?

त्याच वेळी तो आला होता, हे मला मागून कळले. सगळ्यांच्या पुढे, मागचे स्पर्धक दिसतही नव्हते. आणि सायकल धरून उभा होता. "गुरुजी! गुरुजी!" म्हणून हाका मारत होता, लाउडस्पीकरपुढे त्या कुणाला ऐकू जाणार? दुसरे आले, त्यांनी सायकली वाळूत फेकल्या आणि पळाले. जिमखान्याचे सेक्रेटरी पोट धरून हसले, "अरे, आ तो सायकलनो चोकीदार!" सगळा मांडव हसला. एकानेही उठून ती सायकल धरली नाही. त्या हसण्यावर पाहुण्यांच्या माना वळल्या, तशी माझीही वळली.

मी हारासकट धावलो. माझा हात हँडलवर पडला तेव्हा तो पळाला. तिसरा आला.

जागा पहिल्या आलेल्या मुलाला मिळाली. तो सेक्रेटरींचा भाचा निघाला. मी जिमखान्यात जाऊन भांडलो, अर्ज लिहिले, त्या लोकांना नाही नाही ते बोललो. आजही त्यांच्या हसण्याचा मला संताप येतो. पण हसणाऱ्यांनी त्याला काही वचन दिले नव्हते. ते मी दिले होते. अर्जात एवढी एकच गोष्ट मी लिहिली नाही.

तो मात्र शर्यतीच्या संध्याकाळी एवढेच म्हणाला, "हार तुम्हले चांगला दिसना, गुरुजी." चांगला दिसला म्हणे! टोमणा असता तर बरे झाले असते.

आठ दिवसांनी परीक्षेला बसला, पास झाला. निकालानंतर सुरत सोडून गावी जायचे त्याने ठरवले. भुसावळच्या गाडीच्या दिवशी मी शाळेतून घरी आलो, तर तो दारात सायकल धरून उभा. बायको म्हणाली, "तासभर झाला. ठेवा म्हटलं, बसा म्हटलं, चहा घ्या म्हटलं. ऐकतच नाहीत."

मी म्हणालो, "ही तुझ्याकडेच राहू दे." त्याने नकाराची मान हलवली. मला माफी मागायची होती.

"धरा, गुरुजी," तो म्हणाला.

मी हँडल धरले. मग त्याने सोडले, आणि पिशवी उचलून चालत स्टेशनकडे गेला.