म्हाळूनं दारू सोडल्यावर

दारू सोडून दोन वर्षं झाली, तेव्हा कुठं नांदूरघाटच्या म्हाळूला कळलं, की बाप दारूपायी हरवला नव्हता.

म्हाळू मेंढरं राखायचा. बाप हरिबाला मोतीबिंदूनं दिसेनासं झालं, म्हणून त्याला घेऊन तो बीडला गेला. स्टँडवरच्या बाकड्यावर बसवून म्हणाला, "बापू, हितंच बसा. च्या घिऊन येतो." वाटेत ओळखीचा एकजण भेटला. त्याच्यासंगं बाजारातली बकरी बघायला गेला, तिथून गुत्त्यात. बाप आठवला तेव्हा दिवस कलला होता. बाकडं रिकामं होतं. पोलीस ठाणं, दवाखाने, दर्गे, देवळं, सगळं धुंडाळलं. हरिबा ना जिवंत सापडला, ना मेलेला.

दारूनं बाप घालवला, असं गाव म्हणालं. म्हाळूलाही तेच पटलं. बायको साखराबाईनं त्याला व्यसनमुक्ती केंद्रात घातलं. दारू उतरताना अंग थरथरायचं आणि खाटेशेजारी बसून बाप विचारायचा, "आनलास का रं च्या?" तेही सोसून तो बाहेर आला. पुन्हा थेंब शिवला नाही.

मग एका हिवाळ्यात माळावर एक मेंढी व्याली. बाकीचा कळप वळवून तिच्याकडं परत यायचं, म्हणून म्हाळू गेला आणि तिला विसरून तसाच घरी आला. सकाळी बघितलं, तर लांडग्यानं मेंढी आणि कोकरू दोन्ही फाडली होती.

"प्यालाव ना तुमी?" साखराबाईनं त्याच्या तोंडाशी नाक नेलं. वास नव्हता. ती जास्तच घाबरली.

ती त्याला पुन्हा केंद्रात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "शाळेत कसे होतात?"

"मास्तर खडू फेकून मारायचे. बूड टिकायचं न्हाई एका जागी."

"आणि प्यायल्यावर?"

"डोस्क्यातला गलका थांबायचा."

"लक्ष न टिकण्याचा आजार आहे हा. लहानपणापासूनचा. दारू नंतर आली."

म्हाळू म्हणाला, "म्हंजी त्या दिशी गुत्त्यात जायच्या आदीच बापूला इसरलो व्हतो मी. इतके दिस दारूवर ढकलत व्हतो. आता कुनावर ढकलू?"

बाईंनी चिठ्ठी लिहिली. "गोळ्या देते. चुकवू नका."

त्या आठवड्यात तो गुत्त्यासमोर जाऊन उभा राहिला. साखराबाई मागून आली, शेजारी उभी राहिली. शेवटी म्हाळूच घराकडं वळला.

गोळ्यांनी गलका कमी झाला. आणि त्या शांततेत बाप नीट ऐकू यायला लागला. एकदा गोळ्या आणायला बीडला गेला, तर स्टँडवर एक आंधळा म्हातारा पावलांच्या आवाजाकडं मान वळवून म्हणाला, "आलास व्हय रं?" "आलो," म्हणून म्हाळू शेजारी टेकला. म्हाताऱ्याचा मुलगा तिकिटं घेऊन येईस्तोवर हलला नाही. म्हाळूची स्वतःची गाडी निघून गेली.

आता माळावर तो हातातलं काम मोठ्यानं बोलून दाखवतो. "पानी पाजतोय. कोकरं मोजतोय. मागची लंगडी यायची हाय." ऐकणारे म्हणतात, म्हाळू पुन्हा प्यायला लागला. साखराबाई कुणाला काही सांगायला जात नाही.